मशीन चालू आहे, पण बोलत नाही

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या हातात कायम पेचकस असतो असं लोकांना वाटतं. माझ्याही टेबलावर तो असायचा, पण त्याची गरज पडायची पावसाळ्यात, विजा कडाडून गेल्यावर. एरवी वर्षभर मी जे काम केलं ते खुर्चीवर बसून, टाइप करून. समोर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. गिऱ्हाईक पाठीमागे उभं राहून घाबरून विचारायचं, "ताई, चित्र कुठं गेलं? काय करून राह्यल्या तुमी?"

दिग्रसला, कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर माझं दुकान होतं. जिना इतका अरुंद, की कॉम्प्युटर छातीशी धरून आडवं चढावं लागे. सुरुवातीला लोक दारातून आत बघायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री भाऊ बाहेर गेले का?" मी म्हणायची, "मिस्त्री समोरच बसली आहे." काही जण हसून आत यायचे, काही जण "उद्या येतो" म्हणून जायचे. उद्या आलेही बरेचसे, कारण गावात दुसरं दुकान नव्हतं.

माझं खास काम म्हणजे सुरूच न होणारी मशिनं. ते काय असतं, हे सोपं करून सांगते. बटण दाबल्यावर पहिले काही क्षण कॉम्प्युटरला काहीच ठाऊक नसतं. आपल्या पोटात कोणती सिस्टीम आहे, ती डिस्कवर कुठं ठेवली आहे, कशापासून सुरुवात करायची, काही नाही. म्हणून त्याच्यासाठी एक छोटी यादी लिहून ठेवलेली असते. अमुक जागी ही सिस्टीम, तमुक जागी ती. मालकानं काही सांगितलं नाही तर हिला सुरू कर, आणि सांगण्यासाठी त्याला इतके सेकंद दे. मशीन ही यादी वाचून सुरू होतं, त्याला बूट होणं म्हणतात. यादी बिघडली, तर आतलं सगळं शाबूत असूनही मशीन सुरू होत नाही. ती दुरुस्त करायला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात, एकेक अक्षर नीट. एक टिंब चुकलं तरी मशीन ऐकत नाही.

हे मला पहिल्यापासून येत नव्हतं. दुकान टाकलं त्या काळात आर्णीकडच्या एका गावाहून एक बाई आपला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून घेऊन आली. एसटीत मांडीवर धरून आणला होता. सुरू होत नव्हता. मी तेव्हा सगळ्यांचं करायची तेच केलं, म्हणजे डिस्क फॉरमॅट केली, पूर्ण पुसून नव्यानं सिस्टीम टाकली. मशीन झकास सुरू झालं. बाई खूश होऊन गेली. आठवड्यानं परत आली आणि म्हणाली, "ताई, माह्या पोरीची चित्रं दिसून नाई राह्यली त्याच्यात." मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. शाळेत असताना तिनं माउसनं काढलेली घरं, बैल, मोर, सगळं त्यात होतं. मी म्हटलं, ती चित्रं गेली. बाई भांडली नाही. "असं होते का," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली. पुढं मी शिकले तेव्हा कळलं, की तिच्या मशीनची नुसती यादी बिघडली असणार. दोन आज्ञांचं काम होतं. तिचं नाव मी लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे माफी मागायलाही जाता आलं नाही. त्यानंतर मी फॉरमॅट हा शब्द सगळ्यात शेवटी उच्चारायला शिकले.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं, त्या रामधन सरांकडे येते.

एका आषाढात, बाजाराच्या दिवशी, दुपारी एक बाई जिना चढून आल्या. साठीच्या असाव्यात. हातात भाजीची पिशवी. खुर्चीवर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि आधी दाराकडे बघून घेतलं.

"तुमीच का मशीनवाल्या ताई? मले एक इचारायचं व्हतं. आमच्या सरायले डोक्याच्या डॉक्टरकडे न्यू, का त्यायचं मशीन तुमच्याकडे आणू?"

मी पाणी दिलं आणि नीट सांगायला सांगितलं. त्यांचं नाव जमुनाबाई. पुसद रस्त्यावरच्या एका तांड्यात घर. बंजारा कुटुंब, थोडी कोरडवाहू शेती. त्यांचे पती रामधन सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. काचबिंदूनं हळूहळू दोन्ही डोळे गेले तशी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. दोन वर्षं बाजेवर बसून काढली. मग मुलीनं नागपूरच्या एका संस्थेत नेऊन न बघता कॉम्प्युटर वापरायचं शिक्षण दिलं. पडद्यावर जे असेल ते मशीन बोलून सांगतं, आणि आपण टाइप करू ते अक्षरही बोलून दाखवतं. मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्याच नोकरीत होती. तिनं घरच्या मशीनमध्ये सगळं बसवून दिलं.

"मंग लय चांगलं चाललं," जमुनाबाई म्हणाल्या. "सासू सांगे अन् हे लिहीत. आमच्या गोर बोलीचे शबुद, गाणे, जुन्या लदेणीच्या गोष्टी. सासूबाई नव्वदीच्या झाल्या. त्यायच्या इतकं कोणाले येत नाई आता. रोज सकायी दोघं मायलेक बसत. पण होळीपासून बंद."

"काय बंद?"

"मशीन बोलत नाई. म्हणजे चालू व्हते, चित्र दिसते मले. पुसदहून दुरुस्तीवाला बी आलता. त्यानं गाणं लावून दाखवलं, मस्त वाजलं. म्हणे, मशीन एकदम ओके हाय, सरायलेच आता जमत नसन, वय झालं. तवापासून हे गुमसुम झाले. म्हणतात, म्याच इसरलो."

"मुलीला सांगितलं का?"

"नाई न. म्हणतात, तिनं एवढं करून देल्लं, अन् बाप इसरला असं कसं सांगू? मी इथं आली हे बी त्यायले माईत नाई. भाजी घ्याले आली असं सांगतलं."

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरण्याचा त्यांच्या पूर्वजांचा धंदा. म्हातारीनं तो स्वतः पाहिला नव्हता, पण तिच्या आजीच्या तोंडून सगळं ऐकलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी स्कूटी काढली.

सर ओसरीत बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, दाढी नीट केलेली. जमुनाबाईंनी माझी ओळख मुलीची मैत्रीण अशी करून दिली. सरांनी हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, "मैत्रीण असती तं गाडी लावल्याबरोबर पोरीचं नाव घेतलं असतं. तुमी मशीनवाल्या ताई हा. या. पण तुमाले फुकट तरास झाला. मशीन चांगलंच हाय."

मी म्हटलं, "सर, आलेच आहे तर एकदा तुम्ही नेहमीसारखं चालू करा. मी काही बोलणार नाही, नुसती बघते."

ते भिंतीला हात लावत आत गेले. टेबलावर जुनं मशीन, वर विणलेलं झाकण. झाकणाची घडी करून बाजूला ठेवली. बटण अचूक दाबलं. मग दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून मान किंचित तिरपी केली आणि वाट बघू लागले. बोटांनी सेकंद मोजत होते. मी त्यांच्या खांद्यावरून पडदा बघत होते.

पडद्यावर यादी आली. तीच, जिच्याबद्दल वर सांगितलं. मुलीनं त्या मशीनमध्ये दोन सिस्टीम ठेवल्या होत्या. पहिली लिनक्स, जिच्यात सरांचं बोलणारं सगळं होतं. शेवटची विंडोज, घरातल्या इतरांच्या कामासाठी. उजळ पट्टा शेवटच्या ओळीवर होता. दहा सेकंद गेले आणि विंडोज सुरू झालं. हिरव्या डोंगराचं सुंदर चित्र आलं.

"आता नमस्कार म्हणाले पाह्यजे त्यानं," सर म्हणाले. ते थांबले. मग त्यांच्या सवयीच्या कळा दाबू लागले. मुलीनं लिनक्ससाठी शिकवलेल्या त्या कळा इथं भलतंच काही करत होत्या. पडद्यावर एकावर एक खिडक्या उघडत होत्या, बंद होत होत्या, आणि सरांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी हात मांडीवर घेतले.

"चुकते माहं काही तरी. चाळीस पोरायले बाराखडी शिकवली म्या, अन् मले चार कळा लक्षात राहून नाई राह्यल्या."

मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "सर, तुमचं काहीही चुकलेलं नाही. एक कळसुद्धा नाही. हे मशीन दुसऱ्याच सिस्टीममध्ये जातंय. होळीला कुणी पाहुणे आले होते का?"

जमुनाबाई दारातून म्हणाल्या, "माहा भाचा आलता. त्यानं इम्याचा फारम भरला व्हता याच्यावर."

तेच झालं होतं. फॉर्म भरायला भाच्यानं यादीतून विंडोज निवडलं. आणि त्या मशीनच्या सेटिंगमध्ये एक सोय चालू राहिली होती, शेवटी जे निवडलं तेच लक्षात ठेवण्याची. भाचा होळी खेळून गावी गेला, पण मशीन त्याचंच म्हणणं धरून बसलं. विंडोजमध्येही वाचून दाखवायची सोय असते, पण ती कुणी सुरू केलेली नव्हती, आणि सरांचं सगळं लिखाण लिनक्समध्ये होतं. डोळस माणसाला मशीन चालू दिसत होतं. आणि सुरुवातीची ती यादी तर बोलतच नाही. तिथं बोलणारा प्रोग्राम अजून जागाच झालेला नसतो. यादीत काय चाललंय हे कळायला सरांकडे कुठला मार्गच नव्हता.

मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि यादीत पट्टा वर नेऊन लिनक्स निवडलं. अर्ध्या मिनिटात स्पीकरमधून आवाज आला, "नमस्कार."

सरांनी कीबोर्ड हातानं चाचपला, एक अक्षर दाबलं. मशीन म्हणालं, "क." दुसरं दाबलं. "ख." सरांनी ग, घ करत पार ज्ञपर्यंत सगळी मुळाक्षरं दाबली. जमुनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, त्या तिथंच खाली बसल्या.

मी म्हटलं, "सर, आता हे कायमचं नीट करून देते. पाच मिनिटं लागतील."

"ताई, तुमचं काम जरा थांबवता का?" सर म्हणाले. "चार महिने याडीनं सांगतलेले शबुद डोक्यात धरून बसलो हाय. रोज सकायी म्हणून पायतो, पाढ्यावानी. दोन-तीन निसटले. बाकीचे आधी उतरून घेतो."

याडी म्हणजे आई. जमुनाबाई तिला हाताला धरून घेऊन आल्या. अंगानं अगदी बारीक, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिला बसायला पाट दिला. सर टाइप करू लागले, मशीन एकेक अक्षर बोलू लागलं, आणि एखाद्या शब्दापाशी सर अडले की म्हातारी लगेच तो पुरवी. निसटलेले शब्दही तिनंच परत दिले. मी चहा घेतला, मग दुसरा घेतला. तासभर तरी गेला असेल. आयुष्यात एवढ्या खुशीनं मी कुठल्या गिऱ्हाइकाकडे खोळंबले नाही.

मग माझं काम. मी काळा पडदा उघडला, आणि तेवढ्यात मनात आलं, की हे मी कशाला टाइप करते आहे? मशीन बोलतंय. म्हटलं, "सर, मी सांगते, तुम्ही लिहा."

"मले जमन?"

"बाराखडी शिकवलीत ना? हे त्याहून सोपं आहे."

मी अक्षरं सांगत गेले, ते दाबत गेले, मशीन म्हणून दाखवत गेलं. जी, आर, यू, बी, म्हणजे ग्रब, ती यादी सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं नाव. पहिली आज्ञा एवढीच, की यादीतली पहिली ओळ हीच नेहमीची. मग सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन शेवटची निवड लक्षात ठेवण्याची सोय काढून टाकली. मग तिसरी आज्ञा, झालेला बदल खऱ्या यादीत उतरवायची. ती दिली नाही तर आधीचं सगळं वाया. सरांनी तिन्ही आज्ञा माझ्या मागून पाठ म्हणून दाखवल्या आणि विचारलं, "अन् पुन्हा कोणी पाहुणा येऊन खाली सरकवलं तं? मले कसं कळन, यादी आली का नाई?"

याचं उत्तर मला वाचून ठाऊक होतं, पण कधी वापरलेलं नव्हतं. त्या यादीला आवाज देता येतो. बोलता येत नाही तिला, पण मशीनच्या आत एक चिमुकला भोंगा असतो, त्यावर सूर वाजवता येतात. सेटिंगमध्ये आकडे लिहायचे. पहिला आकडा चालीचा, मग प्रत्येक सुराचे दोन, एक उंचीचा आणि एक लांबीचा. यादी पडद्यावर आली की ते सूर वाजतात. ते ऐकू आले की वरच्या बाणाची कळ चार-सहा वेळा दाबून एंटर दाबायचं, पट्टा पहिल्या ओळीवरच थांबतो. मी एक साधा सूर लिहून दिला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. टीं वाजलं.

म्हातारी कानावर हात ठेवून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. जमुनाबाई हसत सुटल्या. "त्या म्हणतात, मांजराची शेपटी चेंगरली वाटते."

सरांनी आईला विचारलं, कसा आवाज पाहिजे? म्हातारी बराच वेळ बोलली. सरांनी मला मराठीत सांगितलं. तिच्या बापाच्या गाडीला एक पांढरा बैल होता, पुढं चालायचा. त्याच्या गळ्यात पितळी घंटा होती. ती लहान असताना बाप बाजारातून यायचा तेव्हा नाल्यापलीकडून ती घंटा ऐकू आली, की सगळी भावंडं पळत सुटायची. एक उंच, एक खाली, आणि मग लांब.

आम्ही बसलो. सर आकडे बदलत, मशीन बंद करून चालू करत, भोंगा वाजे आणि म्हातारी मान हलवी. उंच झालं. खाली झालं. बैल पळून राहिला, हळू चालव. दहा-बारा वेळा तरी झालं असेल. जमुनाबाईंनी मधेच भाकरी टाकल्या. शेवटी एकदा तीन सूर वाजले आणि म्हातारी काहीच म्हणाली नाही. दाराकडे बघत राहिली. सर आईच्या उत्तराची वाट बघत होते आणि त्यांना ती गप्प का आहे हे दिसत नव्हतं, म्हणून मी हळूच सांगितलं, "सर, जमलं."

त्यानंतर सकाळी घंटा वाजली की म्हातारी स्वतःच पाट घेऊन येऊ लागली, असं जमुनाबाई बाजाराला आल्या की सांगायच्या. मधल्या काळात सरांनी मला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा काही बिघडलं म्हणून नाही, नवीन आज्ञा विचारायला. मुलीलाही त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती फोनवर रडली म्हणे, आणि मग बापावर ओरडली. याडी दिवाळीनंतर गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगत होती. सरांनी कागद छापून तांड्यातल्या शाळेत ठेवले आहेत. पहिल्या पानावर आईचं नाव आहे. सरांचं कुठंही नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सरांचा फोन आला. केळापूरजवळच्या एका गावातली कलावती नावाची गोंड समाजाची तरुण बाई, तापात डोळे गेलेले, नागपूरला त्याच संस्थेत शिकून आली होती. कुणीतरी तिला जुनं मशीन दिलं होतं आणि ते तिच्याशी बोलत नव्हतं. "ताई, तुमी चालता का सोबत?" सरांनी विचारलं. दिग्रसहून यवतमाळ, तिथून पांढरकवडा, असे आम्ही तिघं एसटीनं गेलो. सर, जमुनाबाई आणि मी. दिवस त्यातच अर्धा गेला.

मी सवयीनं पुढं होऊन खुर्चीवर बसायला गेले. सर म्हणाले, "ताई, तुमी फक्त पडदा पाहा. अडलो तं इचारतो." मी बाजूला झाले. जमुनाबाईंनी मला शेजारी जागा दिली.

कलावतीच्या मशीनमध्येही तसल्याच दोन सिस्टीम होत्या. यादीत पट्टा कुठं आहे ते मी सांगितलं. तेवढंच माझं काम. लिनक्स सुरू झालं, मशीन "नमस्कार" म्हणालं, आणि कलावतीनं दचकून ओढणी धरली. सरांनी तिची बोटं कीबोर्डवर ठेवली. "हे जी. हे आर. आता तू दाब. चुकलं तं पुसता येते, भेऊ नको." वर्गातला आवाज होता तो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच जमुनाबाईंनी तो ऐकला असावा. त्या माझा हात धरून बसल्या होत्या. तिन्ही आज्ञा कलावतीनंच दिल्या. एकदा चुकली, मशीननं चूक वाचून दाखवली, तिनं स्वतः दुरुस्त केली.

मग सरांनी विचारलं, "आता यादी आली का वाजाले पाह्यजे काही तरी. कोणता आवाज आवडते तुले? घंटा? बासरी?"

कलावतीनं विचार केला. "पांढरकवड्याची सकाळची गाडी येते न सर, तिचा हारन. ती आली का मले वाटते, आता कुठं तरी जाता येते."

सरांनी मान माझ्याकडे वळवली. "ताई, एसटीच्या हारनचा आकडा किती असते?"

मला ठाऊक नव्हतं. सांगितलं तसं. सर खुशीत हसले, बाह्या वर सारल्या आणि कलावतीला म्हणाले, "मंग शोधू. तू हारन वाजवून दाखव तोंडानं."

ती लाजली. मग तिनं गाल फुगवले आणि जोरात हॉर्न वाजवला. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. सर आकडे लिहू लागले.